विहिरीवरचे इंजिन आणि अंगणातली मोटार

यंत्रांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा शोधकांची चरित्रे, कारखान्यांच्या स्थापनेच्या तिथी आणि उत्पादनाचे आकडे यांपाशी येऊन थांबतात. परंतु यंत्र एकदा कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यानंतर ज्या हातांनी ते वीस-वीस, तीस-तीस वर्षे चालते ठेवले, त्या हातांची नोंद कोणत्याही दफ्तरात सहसा आढळत नाही. जुन्या डिझेल मोटारींच्या बाबतीत ही उणीव मला विशेष जाणवते. वाड्याच्या चौकात, घराच्या अंगणात किंवा शेतावरील वस्तीच्या छपराखाली मालकाने स्वतः पाने हाती घेऊन आपली डिझेलची जीप वा अँबॅसेडर दुरुस्त करावी, हा प्रघात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात, विशेषतः कृष्णा, पंचगंगा, भीमा आणि प्रवरा यांच्या खोऱ्यांत, चांगलाच रुजलेला होता. काटकसर हे त्याचे एक कारण खरे. पण या प्रघाताचे मूळ मोटारीच्याही मागे, विहिरीच्या थारोळ्याशेजारी धडधडणाऱ्या ऑइल इंजिनापर्यंत जाऊन पोचते, आणि ते मूळ ध्यानात घेतल्यावाचून या विद्येचे खरे स्वरूप कळणार नाही, असे माझे मत आहे.

रूडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली आपल्या कल्पनेच्या एकस्वाकरिता अर्ज केला, आणि १८९७ च्या फेब्रुवारीत आउग्सबुर्ग येथील कारखान्यात त्याच्या इंजिनाची रीतसर परीक्षा झाली, तेव्हा इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के भाग प्रत्यक्ष कामास येतो असे सिद्ध झाले. तत्कालीन वाफेची इंजिने त्याच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच पोचत असत. डिझेलचे तत्त्व सांगावयास सोपे आहे. हवा झपाट्याने दाबली म्हणजे ती तापते. मोटारीच्या जुन्या इंजिनांत ती मूळ आकारमानाच्या विसाव्या-बाविसाव्या भागापर्यंत दाबली जाते, तेव्हा तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्याही पलीकडे जाते, आणि त्या तप्त हवेत इंधनाचा सूक्ष्म फवारा शिरताच ते आपोआप पेट घेते. पेट्रोलच्या इंजिनास लागणारी विजेची ठिणगी, तिच्याकरिता लागणारी कॉइल, प्लग आणि वितरक ही सारी सामग्री येथे अनावश्यक ठरते. आरंभीच्या काळात मात्र इंधन आत सोडण्याकरिता दाबलेल्या हवेचे अवजड साहित्य सोबत बाळगावे लागत असल्यामुळे डिझेल इंजिन कारखान्यांत आणि जहाजांतच अडकून पडले होते. १९२७ साली बॉश कंपनीने आपल्या इंधन-पंपाचे नियमित उत्पादन सुरू केले, आणि तेव्हापासून या इंजिनाला रस्त्याची वाट मोकळी झाली. १९३६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीझ-बेंझची ‘२६० डी’ ही डिझेल मोटार लोकांसमोर आली आणि १९४० पर्यंत तिच्या सुमारे दोन हजार गाड्या तयार झाल्या. आपल्या शोधाचे हे रूप पाहणे डिझेलच्या नशिबी नव्हते. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडकडे जाणाऱ्या जहाजावरून तो नाहीसा झाला होता.

आपल्याकडे हे तत्त्व मोटारीवर बसून आले नाही. ते पाण्याच्या निमित्ताने आले. मोटेने पाणी उपसण्यात बैलांची आणि माणसांची जी शक्ती खर्ची पडे, तिला पर्याय म्हणून विलायती ऑइल इंजिने प्रथम बड्या बागायतदारांच्या विहिरींवर, गुऱ्हाळांवर आणि पिठाच्या गिरण्यांत दिसू लागली. रस्टन, पीटर, लिस्टर ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. पुढे या भूमीतच इंजिने घडू लागली. साताऱ्यास धनजीशहा कूपर यांचा कारखाना होता. १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधानपद काही महिने भूषविणारे हे गृहस्थ मुळात नांगर आणि इंजिने यांच्या धंद्यातले. औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलजवळच्या माळरानावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. बेळगावातील सायकलच्या दुकानापासून निघून लोखंडी नांगरापर्यंत आलेली त्यांची वाटचाल सर्वश्रुत आहे. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे ‘किर्लोस्कर ऑइल इंजिन्स’ या कंपनीची स्थापना झाली, आणि तिच्या इंजिनांनी पुढील दोन-तीन दशकांत महाराष्ट्राच्या शिवारात घर केले. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर नावाची जी वसाहत वाढली, तिच्या ओतशाळांत आणि लेथांवर या इंजिनांचे सुटे भाग तयार होऊ लागल्यामुळे, मोडलेल्या भागाकरिता मुंबईची वाट पाहण्याचा प्रसंग दक्षिण महाराष्ट्रातील शेतकऱ्यावर क्वचितच येई.

या इंजिनाने शेतकऱ्याला जे शिकविले, त्याकडे आपल्या इतिहासकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. उसाला पाणी देण्याची पाळी टळून चालत नाही, आणि तालुक्याच्या गावाहून मिस्त्री येईपर्यंत दोन-तीन दिवस सहज निघून जातात. अशा स्थितीत हँडल मारून इंजिन सुरू करणारा गडी आणि त्याचा मालक यांना हळूहळू त्याचे अंतरंग कळू लागले. डिझेल स्वच्छ असावे, ते पिंपातून घेताना कापडातून गाळून ओतावे, पाण्याचा थेंबही टाकीत जाऊ नये, नळीत हवा शिरली तर ती काढावी, ऑइल वेळेवर बदलावे, धुराचा रंग पाहून रोग ओळखावा, हे सारे धडे प्रथम विहिरीच्या काठी गिरविले गेले. एका सिलिंडरच्या त्या इंजिनात लपविण्यासारखे काही नव्हते; पंप कोठे, नोझल कोठे, व्हॉल्व्ह कसे उघडतात आणि कसे मिटतात, हे उभ्या उभ्या दिसत असे. १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाले, कोयनेची वीज पसरू लागली, आणि जसजसे विजेचे पंप विहिरींवर बसत गेले, तसतशी ऑइल इंजिने बाजूला पडली. इंजिन गेले, तरी ते हाताळणारे हात आणि त्या हातांतले ज्ञान गावातच राहिले. डिझेल मोटार जेव्हा गावात आली, तेव्हा तिचे स्वागत करण्यास हे ज्ञान तयार होते.

या ज्ञानात आणखी दोन प्रवाह येऊन मिळाले. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, आणि त्यानंतर तालुक्या-तालुक्यात एस. टी.ची आगारे उभी राहिली. आगारातील कारागीर शिस्तीत वाढलेला असे. किती किलोमीटरांना काय तपासावयाचे याचा शिरस्ता ठरलेला, आणि केलेल्या कामाची नोंद करण्याची सक्ती. सेवानिवृत्त होऊन गावी परतलेला असा एखादा मेस्त्री पंचक्रोशीतील तरुणांचा गुरू होऊन बसे. दुसरा प्रवाह औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा. तेथील ‘डिझेल मेकॅनिक’ हा अभ्यासक्रम पुरा करून आलेली मुले पुस्तकी आकृत्या आणि मापे घेऊन घरी येत, तेव्हा वडिलांनी अनुभवाने जे जाणले होते त्याची कारणमीमांसा मुलाच्या तोंडून होई. अनुभव आणि शास्त्र यांची गाठ अनेक घरांत अशी जीपच्या बॉनेटखाली पडली.

डिझेल मोटार खाजगी मालकाच्या दारात आली ती १९८० च्या सुमारास. हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसेडरमध्ये ब्रिटिश घडणीचे १,४८९ घन सेंटिमीटरांचे डिझेल इंजिन बसविले. त्याची शक्ती ४० अश्वशक्तीहूनही कमी, चढावर गाडी धापा टाके, पण डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळच स्वस्त असल्यामुळे लांबचा प्रवास करणाऱ्यास ती परवडे. महिंद्रांनी फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार करून ‘एक्सडीपी ४.९०’ हे इंजिन आणले; नावातील ४ म्हणजे सिलिंडरांची संख्या आणि ९० म्हणजे मिलिमीटरांत बोअर. हे २,११२ घन सेंटिमीटरांचे इंजिन ‘एमएम ५४०’सारख्या जीपगाड्यांत धडधडू लागले. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर आणि मागाहून आलेली ट्रॅक्स, पिंपरीच्या टेल्कोची १९९१ ची सिएरा, १९९४ ची सुमो आणि १९९८ ची इंडिका, अशी ही परंपरा वाढत गेली. सहकारी साखर कारखान्यांनी ज्या भागात पैसा खेळविला होता, तेथे ऊसबागायतदाराच्या दारात जीप उभी राहिली. आणि बाजाराच्या दिवशी गावोगावची माणसे वाहून नेणाऱ्या वडापच्या धंद्यानेही याच गाड्यांवर आपला संसार उभारला. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोलची गाडी होती, त्यांच्यापैकी कित्येकांनी परिवहन कचेरीत अर्ज करून, नोंदणीपुस्तकात फेरफार करवून, तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले.

आता घरच्या दुरुस्तीकडे वळतो. कारण या विषयाचा गाभा तेथे आहे. जुन्या डिझेल गाडीला तीन गोष्टी पुरेशा असतात: स्वच्छ हवा, स्वच्छ इंधन आणि पुरेसा दाब. एकदा सुरू झाल्यावर तिला बॅटरीचीही गरज उरत नाही. बंद करावयाची तर केबल ओढून पंपातील इंधन तोडावे लागते. बॅटरी उतरली असली तरी गाडी उतारावर सोडून किंवा चार माणसांच्या धक्क्याने ती चालू करता येते. थंडीच्या पहाटे मात्र हीटर प्लग लाल होईपर्यंत क्षणभर थांबावे लागते. बिघाडांपैकी सर्वांत नित्याचा म्हणजे इंधनात हवा शिरणे. फिल्टर बदलला, नळीचा वायसर सैल झाला किंवा टाकी तळापर्यंत रिकामी झाली की पंपापर्यंत हवेचे बुडबुडे पोचतात. द्रव दाबला जात नाही म्हणून नोझल उघडते, पण हवा दाबली गेली की नुसती आकसते, आणि पंप कितीही फिरला तरी नोझलाला उघडण्याइतका दाब मिळत नाही. यावर उपाय असा की, फिल्टरवरचा स्क्रू सैल करावा आणि हातपंप दाबीत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी अखंड स्वच्छ धार लागली की स्क्रू घट्ट करावा. मग पंपावर तेच करावे, आणि त्यानंतर नोझलाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या नटांवर. एकेक सिलिंडर जिवंत होत गेला, आणि अडखळत अडखळत इंजिन एकसुरी चालू लागले, म्हणजे जो आनंद होतो तो ज्याने हे काम केले असेल त्यालाच ठाऊक.

धुराची परीक्षा ही या विद्येतील वैद्यकी होय. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा अपुरी, म्हणून प्रथम एअर फिल्टर आणि नंतर नोझल पाहावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत. पांढरा धूर थंडीत सुरुवातीस आला तर इंधन पुरते पेटलेले नाही, पण गाडी तापल्यावरही तो राहिला आणि रेडिएटरमधील पाणी उतरू लागले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. चारांपैकी कोणता सिलिंडर मंद आहे हे शोधण्याची युक्तीही साधी आहे: इंजिन मंद गतीने चालू असताना एकेका नोझलाच्या नळीचा नट किंचित सैल करावा, ज्याचा नट सैल केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तोच दोषी. या कामात जाणते लोक एक कडक नियम पाळीत असत, आणि तो आजही पाळलाच पाहिजे: नोझलाच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरावयाचा नाही, कारण त्याचा दाब हवेच्या दाबाच्या शंभराहून अधिक पट असतो आणि तो कातडी भेदून आत शिरतो.

टॅपेट लावणे हे काम सबंध सकाळ मागणारे. झाकण काढावे, गाडी गिअरमध्ये घालून हळूहळू पुढे ढकलीत इंजिन फिरवावे, आणि फिलर गेजची पाती रॉकरखाली घालून अंतर बरोबर करावे. अँबॅसेडरच्या आठ व्हॉल्व्हांकरिता नऊच्या बेरजेचा एक सुटसुटीत नियम प्रचारात होता: आठवा पूर्ण उघडला असेल तेव्हा पहिला लावावा, सहावा उघडला असेल तेव्हा तिसरा लावावा, आणि याप्रमाणे दोन्ही क्रमांकांची बेरीज नेहमी नऊ यावी. ज्याने शाळेत गणिताची भीती बाळगली, त्यालाही हा हिशेब अंगणात चटकन उमगत असे. फिल्टरच्या तळचा स्क्रू उघडून साचलेले पाणी सोडून देणे, ते पावसाळ्यात अधिक वेळा करणे, दर ५,००० किलोमीटरांच्या आसपास ऑइल बदलणे, फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहणे, ही नित्यकर्मे. आणि कित्येक घरांत त्यांची तारीख व किलोमीटर जमाखर्चाच्या वहीतच, खतांच्या आणि मजुरीच्या नोंदींच्या शेजारी, लिहून ठेवण्याचा रिवाज होता. खंडेनवमीस पाने, जॅक आणि ग्रीसगन घासूनपुसून ओळीने मांडली जात आणि त्यांना हळदकुंकू वाहिले जाई. ज्या अवजारावर घर चालते त्याच्याविषयीची ही कृतज्ञता नांगराच्या काळापासून चालत आलेली होती.

घरच्या दुरुस्तीला मर्यादाही होत्या, आणि शहाणा मालक त्या ओळखून असे. इंधन-पंपातील दट्ट्या आणि त्याचे घर यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. तेथे अंगणातील धूळ शिरली तर सर्वनाश. म्हणून पंप आणि नोझल काढून जपून कापडात गुंडाळावी, उघड्या नळ्यांची तोंडे बांधावी, आणि शहरातील पंपवाल्याकडे कॅलिब्रेशनसाठी न्यावी, असा प्रघात पडला. १९५१ साली बॉशच्या सहकार्याने बंगळुरात स्थापन झालेल्या ‘मायको’ या कंपनीमुळे, आणि पुढे नाशिकच्या सातपूर वसाहतीत उभ्या राहिलेल्या तिच्या कारखान्यामुळे, पंप आणि नोझले देशातच मिळू लागली, आणि जिल्ह्याच्या गावी त्यांची पारख करणारी दुकाने निघाली. बोअर करणे, क्रँक घासणे, हेडचे तोंड सपाट करणे ही कामे लेथवाल्याची. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेतले किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातले. काय आपण करावे आणि काय जाणत्याच्या हाती सोपवावे, हा विवेक या विद्येचा सर्वांत परिपक्व भाग होता, असे मी समजतो. घर, पंपवाला आणि लेथवाला या तिघांमध्ये विश्वासाचा जो व्यवहार चाले, त्यास लेखी दस्तऐवजाची जरूर पडत नसे.

ही व्यवस्था ओसरली ती दोन कारणांनी. पहिले कारण यंत्राचे. १९९७ साली युरोपात अल्फा रोमिओच्या गाडीतून कॉमन रेल पद्धतीचे डिझेल इंजिन बाजारात आले, आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती पद्धत आपल्याकडेही रूढ झाली. इंधनाचा दाब हवेच्या दाबाच्या हजाराहून अधिक पट झाला. नोझल कधी आणि किती वेळ उघडावे हे संगणक ठरवू लागला. बिघाड शोधण्यास कानाऐवजी स्कॅनर लागू लागला. सैल केलेल्या नटाची जुनी युक्ती येथे निरुपयोगीच नव्हे तर प्राणघातक आहे. दुसरे कारण कायद्याचे आणि अर्थकारणाचे. २००० पासून उत्सर्जनाचे निर्बंध क्रमाक्रमाने कडक होत गेले, १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची अंमलबजावणी झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या किमतीवरील सरकारी नियंत्रण उठले आणि स्वस्ताईचे जुने आकर्षण उणावले. त्याच वर्षी अँबॅसेडरचे उत्पादनही थांबले. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते, तेव्हा तपासणी आणि पर्यावरण कर यांचा बोजा पाहून पुष्कळ मालक तिला निरोप देतात.

या निर्बंधांविरुद्ध तक्रार करण्याचा माझा मानस नाही. डिझेलच्या धुराचे दुष्परिणाम निर्विवाद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली त्याचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केला, आणि दाट वस्तीच्या शहरांत जुन्या गाड्यांनी मोकाट धूर ओकावा हे कोणत्याही सुजाण नागरिकास मान्य होणार नाही. किंबहुना ज्या मालकाने नोझल वेळेवर तपासले, एअर फिल्टर स्वच्छ ठेवला आणि काळा धूर दिसताच गाडी उभी केली, तोच कायद्याच्या हेतूस अधिक जवळचा होता. निष्काळजीपणे चालविलेली गाडी आणि निगुतीने राखलेली गाडी यांतील अंतर शासनाच्या वर्षगणनेत उमटत नाही. ते अंतर मात्र त्या मालकाच्या वहीत लिहिलेले असते.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे की, हे ज्ञान नष्ट होण्यापूर्वी त्याची नोंद व्हावी. एस. टी.च्या आगारांतून निवृत्त झालेले मेस्त्री, उद्यमनगरातील वृद्ध कारागीर, पंपवाले आणि ज्यांनी आपल्या जीपची इंजिने अंगणात खोलून पुन्हा जोडली ते बागायतदार, यांच्या मुलाखती आमच्या विद्यापीठांनी आणि ग्रंथालयांनी लिहून घ्याव्यात. घराघरांतील दुरुस्तीच्या वह्या रद्दीत जाऊ नयेत. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० साली आपल्या ग्राहकांकरिता ‘किर्लोस्कर खबर’ काढली, आणि तिच्यातून मराठीतील एक मोठे मासिक उदयास आले. यंत्र आणि लेखणी यांचे वैर नाही, हे त्या माळरानाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. उद्याच्या मोटारीत डिझेल नसेल, नोझल नसेल, धूरही नसेल. तरीही स्वच्छता, नियमितता, कारणाचा शोध घेण्याची सवय आणि आपल्या मर्यादेची जाणीव या चार गुणांची गरज तिलाही पडेल, आणि हे गुण एका शेतकरी समाजाने कोणत्याही विद्यापीठाची सनद न घेता, एका इंजिनाशेजारी बसून कसे कमावले, हे पुढच्या पिढीस ठाऊक असले पाहिजे.